थेंबभर विरजण

स्वयंपाकघरातून खट् असा आवाज आला. माईंनी दुधाला विरजण लावून चिनीमातीच्या भांड्यावर झाकणी ठेवली होती. दिवेलागणीचं त्यांचं हे ठरलेलं काम. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो. त्या आवाजाने जणू परवानगी मिळाल्यासारखा हृषी घसा खाकरून म्हणाला, "घर चांगलं देतायत."

मी मान हलवली. टेबलावरच्या पडद्यावर नोकरीची ऑफर उघडी होती आणि दुपारपासून आम्ही नवराबायको तिच्याभोवती मांजरासारखे फिरत होतो.

"तीन खोल्या. जमिनीखालून गरम पाण्याचे नळ, पाय गारठायला नकोत म्हणून. मनवाची शाळा इमारतीतच. आणि मला वर्षभर भाषा शिकायला पगार! बायकोच्या नोकरीत नवऱ्याला शिकायचा पगार देणारी कंपनी मी जन्मात पाहिली नाही."

"परत कधी येता येईल ते वाच."

ते त्याने वाचलं होतं. म्हणूनच तो नळांबद्दल बोलत होता.

माई पदराला हात पुसत आल्या. माझ्या सासूबाई. मनवा झाल्यावर महिन्याभरात मी कामावर रुजू झाले, तेव्हापासून पोर यांच्याच अंगाखांद्यावर वाढली आहे. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवाणावर मनवा चित्र रंगवता रंगवता झोपली होती, तिच्या उघड्या तोंडाकडे बघत त्या म्हणाल्या, "ते घरबिर राहू दे. पोरीचं ऑपरेशन करतील का, तेवढं सांगा."

"करतील, माई. गेल्या गेल्या. पॅकेजमध्येच आहे."

"मग त्यात एवढं बघायचं काय आहे?"

मनवाच्या हृदयात भोक आहे आणि फुप्फुसाकडे रक्त जायची वाट अरुंद. जिना चढली की तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे होतात. माझ्या आजीच्या काळात हे नेहमीचं ऑपरेशन होतं म्हणे. लेकरं पंधरा दिवसांत अंगणात खेळायला लागायची. हात आजही तेच आहेत, सुऱ्या त्याहून बारीक आहेत. नाही ते औषध. वर्षानुवर्षं आपण माणसांना, कोंबड्यांना, म्हशींना अँटिबायोटिक चारत राहिलो आणि जिवाणू एकेक करत ती पचवायला शिकले. आता टाका घालणं सोपं आणि टाका भरणं नशिबाचं. आमच्या समोरच्या बंगल्यातले पाटोळेसर दाढ काढायला म्हणून चालत गेले होते. परत आले ते गाडीतून, चादरीत.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "भोक मी बुजवेन हो. पण त्यानंतर तिला सांभाळेल असं माझ्या कपाटात काहीच नाही. आणि नाही बुजवलं, तर ती फार मोठी होणार नाही."

'फार मोठी' म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

हेलव्हीक हे उत्तरेच्या समुद्राकाठचं एका छपराखालचं शहर. तिथे जुनी औषधं अजून चालतात, कारण ती पचवणारे जिवाणू तिथे नाहीतच. हवा गाळलेली, पाणी गाळलेलं, आणि माणसंही एका अर्थी गाळलेलीच. आपल्या आतड्यात, कातडीवर, तोंडात अब्जावधी जिवाणू राहतात. ते जन्मताना आईकडून येतात, मग मातीतून, ताटातून, पापे घेणाऱ्यांकडून. हेलव्हीकला जायचं तर ते सगळे आधी औषधांनी आणि जिवाणू खाणाऱ्या विषाणूंनी धुऊन काढायचे आणि त्या जागी शहराने पारखलेले, एकूण एक माहीत असलेले जिवाणू कॅप्सूलमधून वसवायचे.

माईंना मी हे समजावून सांगत होते तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे जुनं दही फेकायचं, भांडं उकळायचं आणि विकतचं विरजण लावायचं. असंच ना?"

"अगदी असंच."

"मग सरळ सांग की. उगाच आपलं अब्ज नि विषाणू."

मग म्हणाल्या, "माझंही भांडं उकळतील?"

हृषी खिडकीबाहेर बघायला लागला. साठीच्या पुढच्या माणसांचे जुने जिवाणू काही केल्या पूर्ण जात नाहीत, म्हणून त्यांना प्रवेश नव्हता. आणि आत गेलेल्या मुलांना बारा वर्षांची होईपर्यंत बाहेर येता येणार नव्हतं. पारखलेल्या थोड्याच जिवाणूंवर वाढलेलं शरीर बाहेरच्या जगाला तोंड देऊ शकत नाही. मनवा पाच वर्षांची होती. माई एकाहत्तर.

हे मीच त्यांना सांगितलं. हृषीच्याने झालं नसतं.

त्यांनी ऐकलं. साडीच्या निऱ्या उगाचच नीट केल्या. "बरं," म्हणाल्या. "जुनं भांडं इथेच ठेवून जा."

"माई, आपण विचार करू. अजून होकार कळवलेला नाही."

"विचार कसला? तिला इथे ठेवून मी काय करू? रोज ओठ बघू?" आणि एकदम मुलावर घसरल्या, "आणि तू रे? पोरीच्या जिवाचं चाललंय आणि नळ कसले मोजतोस? गरम पाणी काय आपल्याकडे नाही?"

नोकरी माझी होती. सांगलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात मी गाळणीची इंजिनिअर. कृष्णेचं पुराचं गढूळ पाणी पिढ्यान्‌पिढ्या गाळणाऱ्या माणसांना हेलव्हीकमध्ये भाव होता. तिथलं पाणी म्हणजे शहराची वेसच. जे नको ते त्या वेशीतून आत येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. व्हिडिओवरून मुलाखत घेणारी लुसीया माझी वरिष्ठ होणार होती. बोलता बोलता तिची लेक मांडीवर येऊन बसली, मनवाएवढीच. तिचं यकृत बदललेलं होतं. बाहेरच्या जगात ही पोर जगलीच नसती, लुसीया म्हणाली आणि तिने पोरीचा सदरा वर करून पोटावरचा गुलाबी व्रण मला दाखवला. पोरगी गुदगुल्या झाल्यासारखी हसली. मी तो व्रण बघतच राहिले. इतका स्वच्छ भरलेला टाका मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मी होकार कळवला.

*

कंपनीची माणसं घर तपासायला आली. उशा, नळ, पायपुसणी, सगळ्यावरून कापसाचे बोळे फिरवले. जाता जाता त्यांच्यातल्या मुलीने माईंच्या दह्यातलं थेंबभर उचललं. आठवड्याने निकाल आला. घरात सगळ्यात वाईट काय, तर दही. आमचा दूधवाला म्हशींना औषधं टोचायचा, ती पचवायची कला दह्यातल्या जिवाणूंनी शिकून घेतली होती. ते स्वतः निरुपद्रवी, पण ही कला ते दुसऱ्यांना देऊ शकतात. शेजारणीने वाटी घेऊन यावं आणि विरजण मागून न्यावं, तसंच एक जिवाणू दुसऱ्याकडून तो जनुकाचा तुकडा मागून नेतो. मग तो दुसरा निरुपद्रवी असेलच असं नाही.

माईंना हे फार लागलं. "माझ्या सासूच्या हातचं विरजण आहे हे. पुरात घर बुडालं तेव्हा मी ते डोक्यावर धरून माळ्यावर बसले होते. अख्ख्या गल्लीने नेलंय. कुणाला काय झालं गं?"

"तुमच्या विरजणाचा दोष नाही, माई. दुधाचा आहे."

"दुधाचा म्हणे," त्या पुटपुटल्या आणि भांडं फडताळात आत सरकवलं.

मग आतल्या दोन खोल्या पारदर्शक पडद्यांनी बंद झाल्या आणि आम्ही तिघं आत गेलो. हवा यंत्रातून यायची, जेवण पाकिटांतून. भिंतीत एक छोटी पेटी बसवली होती, दोन्हीकडे दार असलेली. बाहेरून माई काही ठेवायच्या, आत जांभळा प्रकाश पेटायचा, जिवाणू मरायचे, मग आमच्या बाजूचं दार उघडायचं. त्यातून मनवाचे धुतलेले फ्रॉक आले, रंग आले, एकदा माईंनी कापडाची बाहुली शिवून पाठवली. खायचं मात्र काही चालणार नव्हतं.

पहिले दिवस वाईट गेले. मनवाच्या पोटात काही ठरेना. औषधांनी तिचं हृदय इतकं धावायचं की फ्रॉकवरून दिसायचं. ती मांडीवर पडून पडद्यापलीकडच्या आजीकडे बघायची. माई स्टूल घेऊन तिथेच बसून भाजी निवडायच्या. कधी पडद्यावर तळवा टेकवायच्या, मनवा आतून तिथेच आपला टेकवायची.

"आजी, तुझा हात गरम लागत नाही."

"प्लॅस्टिक आहे ना मध्ये. मी मात्र गरमच आहे हो."

कंपनीचे डॉक्टर व्हिडिओवरून रोज बोलायचे. मनवा त्यांना हटकून सांगायची, मी मस्त आहे, दम लागत नाही, मला खेळू द्या. एकदा अशीच थाप मारून उड्या मारल्या आणि भोवळ येऊन पडली. तेव्हा मी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "बाकी कुणाला काय सांगायचं ते आपण नंतर ठरवू. पण डॉक्टरांना नेहमी खरं सांगायचं. खरं सांगितलं नाही तर ते आपल्याला बरं कसं करणार?"

"नेहमी?"

"नेहमी."

तिने करंगळी पुढे केली. आम्ही करंगळीत करंगळी अडकवून वचन पक्कं केलं.

डॉक्टरांनी मला आणि हृषीला वेगळं बोलावून सांगितलं, हे धुऊन काढणं तिच्या हृदयाने कसंबसं सोसलंय. पुन्हा करायची वेळ आली तर आम्ही करणार नाही. तिला ते झेपणार नाही.

हळूहळू नवी वस्ती रुजली. तिच्या गालांवर थोडी लाली आली. निघायच्या आदल्या दिवशी शेवटचे नमुने गेले आणि संध्याकाळी निरोप आला. तिघेही स्वच्छ. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

*

सकाळी कंपनीची बिनचालकाची गाडी दाराशी येऊन थांबली. पडद्याचा बोगदा थेट तिच्या दारापर्यंत लावलेला. माई सकाळीच न्हाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. हातात चांदीची वाटी.

"नको, माई," मी ती बघूनच म्हणाले.

"ऐकून तर घे. बाहेरचं काही नाही यात. दूध तापवून तापवून आटवलं. वाटी उकळली, चमचा उकळला. आणि विरजण तुमचंच लावलंय. मनवाच्या कॅप्सूल उरल्यात ना, ती कंपनीची मुलगी बाहेर ठेवून गेली होती, त्यातली फोडून घातली. तिच्या पोटात आहेत तेच किडे."

मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोर एवढ्या लांब निघालीय गं. हातावर दही न घालता कुणाला पाठवलंय का मी आजवर? हृषी दहावीच्या पेपरला निघाला तेव्हाही घातलं होतं. पुन्हा कधी घालणार आहे मी?"

हृषी म्हणाला, "कॅप्सूलचंच आहे, स्वरूपा."

मी गढूळ पाण्याचं काम केलेली बाई. जांभळा प्रकाश दह्यात शिरत नाही, वरचा पापुद्रा तेवढा भाजून निघतो, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण आत जे होतं ते तिचंच होतं ना? जे पोटात आहे तेच पुन्हा पोटात. हिशेब बरोबर होता. आणि माई वाटी दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत होत्या.

मी पेटीकडे बोट केलं. वाटी आली. मनवाने तळवा पुढे केला, मी त्यावर दही-साखर घातली. तिने ती चाटली, मग तळव्यावरच्या रेषाही चाटल्या. पडद्याला नाक लावून आजीला म्हणाली, "आपलंच लागतंय!"

माई हसल्या. "माझी गुणाची बाय. सावकाश जा."

मनवाने वाकून जमिनीला हात लावला. आशीर्वादाचा हात पडद्यापलीकडेच राहिला.

*

कराड मागे पडलं आणि माईंचा फोन आला. हृषीने तो गाडीच्या स्पीकरवर घेतला.

"पोचलात का रे घाटापर्यंत? मनू, दही आवडलं का?"

"हो! आजी, अजून हवं होतं."

"हवं होतं ना? अगं, लागतच नव्हतं मेलं. त्या कॅप्सूलवर काल सकाळपासून ठेवलेलं, संध्याकाळी बघते तर दूधच दूध. म्हटलं, सकाळी पोरीच्या हातावर पाणी घालू का? मग आपल्यातलं थेंबभर लावलं. नुसतं बोट बुडवलं हो. बघ कसं सुरीने कापावं असं लागलं! विकतच्याला काय जमतंय ते?"

त्यांच्या आवाजात इतका आनंद होता.

"छान झालं होतं, माई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला. "तुम्ही जेवून घ्या."

फोन बंद झाला. बाहेर ऊस डोलत होता. हृषीचं मला कळत होतं, तो शब्द जुळवत होता.

"चमचाभर दही," तो शेवटी म्हणाला.

"चमच्याचा प्रश्न नाही. एक जिवाणू पुरतो."

"पोटातल्या आम्लात मरतील ना?"

"बहुतेक."

"मग झालं तर."

"बहुतेक म्हटलं मी."

तो माझ्याकडे वळला. "नमुने कालच गेलेत. स्वच्छ आहेत. वेशीवर नुसतं तोंडी विचारतात. पुढची तपासणी महिन्याने, तोवर ऑपरेशन होऊन जाईल, टाके भरतील. मग काढू दे ना हाकलून. आपण परत येऊ, महिन्याभरात बाहेरची हवा काही परकी होत नाही. पोरगी जिवंत असेल."

"आणि रुजले तर? शहरात आणखी पोरं आहेत, हृषी. पोटं फाडलेली, छात्या फाडलेली. आणि पहिली उघडी जखम कुणाची असेल? हिचीच."

"आणि सांगितलं तर?"

 सांगितलं तर गाडी इथूनच वळणार होती. दुसऱ्यांदा धुणं नाही. दुसरी ऑफर नाही. जिना, ओठ, आणि बाजूला विरजण लावत बसलेल्या माई. कधीतरी कुणीतरी त्यांना सांगणारच की का परत आलात.

"माईंना कधीच कळता कामा नये," मी म्हणाले.

"त्यांना कळू द्यायचं नसेल तर एकच रस्ता आहे," हृषी म्हणाला. मग मागे वाकून अगदी सहज सुरात मनवाला म्हणाला, "मनू, आता पुढे कुणी विचारलं ना, काय खाल्लंस, तर आजीच्या दह्याचं नाही सांगायचं हं. आपलं गुपित."

मनवा बाहुलीला खिडकीतून ऊस दाखवत होती. तिने विचार केला. "डॉक्टरांनी विचारलं तर?"

"डॉक्टर नाही विचारत. तिथे मशीन असतं."

"मग चालेल," ती म्हणाली.

मी त्याला अडवलं नाही. मला अडवायचं होतं का, तेही मला ठरवता येत नव्हतं. बोलायला म्हणून तोंड उघडलं की मनवाच्या गालावरची ती नवी लाली दिसायची. गप्प राहिलं की लुसीयाच्या लेकीचा सदरा वर होताना दिसायचा, आणि तिचं ते गुदगुल्यांचं हसू.

*

मुंबईला विमानतळाच्या एका टोकाला हेलव्हीकची वेस आहे. पांढरी, गार, बिनवासाची खोली. भिंतीत एक काच. पलीकडे यंत्र असेल असं हृषी म्हणाला होता आणि खरंच आधी नुसता आवाज आला. छान स्वच्छ मराठी, बातम्या देणाऱ्या बाईसारखी. आमची नावं विचारली, नोकरीबद्दल माझं अभिनंदन केलं. हृषीला विचारलं, नमुना दिल्यानंतर पाकिटाबाहेरचं काही खाल्लं?

"नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं.

मला विचारलं. मीही नाही म्हणाले. तेही खरंच होतं.

"धन्यवाद. मुलांचं उत्तर आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकतो," आवाज म्हणाला. "पालकांनी कृपया उत्तर देऊ नये."

काच उजळली. पलीकडे एक तरुण बाई बसलेली दिसली, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, चेहऱ्यावर मायाळू हसू. खरी होती की पडद्यावर काढलेली, मला कळलं नाही. तिच्या केसांची एक बट वाऱ्याने हलावी तशी हलत होती, पण वारा कुठून येणार?

"मनवा, ये बाळा. किती गोड बाहुली! कुणी शिवली?"

"आजीने."

"वा. आता मला एक सांगशील? आज सकाळी घरून निघताना तू काय काय खाल्लंस?"

हृषीने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली. काचेशेजारचं दार किंचित उघडं होतं. त्यामागे लांब उजळ मार्गिका आणि टोकाला विमानाचं गोल दार.

मनवा एक पाऊल पुढे गेली. त्या बाईकडे पाहिलं. कोटाकडे पाहिलं, गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे पाहिलं. मग बाहुली छातीशी धरून मागे वळली आणि आपली करंगळी माझ्यापुढे करत हळूच म्हणाली,

"आई, या डॉक्टर आहेत का गं?"